मोटारीची चाके बदलताना : मिश्रधातूची चाके व स्पेसर-चकत्या यांचे शास्त्र

प्रास्ताविक

रायपूर शहरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ पश्चिमेस दुर्ग, राजनांदगाव व भंडारा ओलांडून नागपूरला पोहोचतो. हे अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे. या रस्त्यावर आज ज्या मोटारी धावतात, त्यांत पुण्याजवळील चाकण येथील कारखान्यात २०२२ सालापासून तयार होणाऱ्या स्कोडा स्लाव्हिया व फोक्सवागेन व्हर्टस या दोन मोटारी तरुणांच्या विशेष आवडीच्या आहेत. दिसावयास त्या घरगुती सेडान मोटारीच होत. परंतु त्यांच्या १.५ लिटरच्या इंजिनाची शक्ती १५० अश्वशक्तीच्या घरात असल्यामुळे त्यांची गणना वेगवान सेडान मोटारींत केली जाते.

अशी मोटार घेतल्यावर मालकास पहिला मोह पडतो तो चाके बदलण्याचा. कारखान्यातून आलेली १६ इंचांची चाके काढून १७ किंवा १८ इंचांची चकचकीत चाके बसवावी, आणि ती मडगार्डाच्या कडेशी अगदी समपातळीत यावी म्हणून चाक व हब यांच्यामध्ये धातूची एक चकती घालावी, असा हा बदल असतो. या चकतीस बाजारात ‘स्पेसर’ म्हणतात. काम तासाभराचे असते आणि वरवर पाहता त्यात चार जुने बोल्ट काढून नवे आवळण्यापलीकडे काही नाही. तथापि मोटारीचा सारा भार, ब्रेकचे सारे बल आणि वळणावरचा सारा ताण याच सांध्यातून जमिनीला पोहोचतो. म्हणून या तासाभराच्या कामामागे भूमितीचे, यंत्रशास्त्राचे व धातुशास्त्राचे जे नियम उभे आहेत, त्यांचा परिचय करून देणे हा या पाठाचा उद्देश आहे.

चाकाची घडण व तिचा धातू

मोटारीच्या चाकाचे तीन भाग मानता येतील. ज्यावर टायर बसतो ती बाहेरची वाटोळी धाव म्हणजे रिम. जो भाग हबला टेकतो ती मधली बैठक. आणि या दोहोंना जोडणारे आरे किंवा तबकडी. बैलगाडीच्या चाकात धाव, आरे व तुंबा असे जे तीन भाग असतात, त्यांचेच हे नवे रूप होय.

पूर्वी ही चाके सर्रास पोलादी पत्र्याची असत. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव चाकांस कीर्ती मिळाली ती १९२४ साली लियाँ येथील शर्यतीत उतरलेल्या बुगाट्टीच्या ‘टाइप ३५’ या मोटारीमुळे. पुढे १९६६ साली पोर्शे कंपनीने आपल्या ९११ एस मोटारीस जर्मनीतील फुक्स या कारखान्याची घडीव चाके दिली. आज जी चाके ‘अ‍ॅलॉय’ म्हणून ओळखली जातात, त्यांतील बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या एका मिश्रधातूची असतात. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन व अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम असते. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू साच्याच्या कोनाकोपऱ्यांत सहज वाहतो, तर मॅग्नेशियममुळे उष्णतेचे संस्कार केल्यावर त्यास बळकटी येते. ओतलेले चाक प्रथम ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून एकदम थंड करतात आणि नंतर सौम्य उष्णतेत काही तास मुरू देतात.

छत्तीसगडच्या वाचकास हे दोन्ही धातू परके नाहीत. रायपूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याच प्रदेशात कोरबा येथे, १९६५ साली स्थापन झालेल्या भारत अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या कारखान्यातून १९७५ पासून अ‍ॅल्युमिनियम निघू लागले. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश आहे. परंतु यावरून ‘अ‍ॅलॉय चाक नेहमीच हलके असते’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अ‍ॅल्युमिनियम पोलादाइतके ताठ व चिवट नसल्याने त्याची जाडी वाढवावी लागते. आणि चाकाचा व्यास दोन इंचांनी वाढला म्हणजे वाचलेले वजन पुन्हा परत येते. बाजारातील कित्येक मोठी अ‍ॅलॉय चाके मूळच्या पोलादी चाकांहून जड भरतात.

चाक जुळते की नाही हे ठरवणारी मापे

पहिले माप बोल्टांच्या वर्तुळाचे. व्हर्टस व स्लाव्हिया यांचे चाक पाच बोल्टांचे असून त्या पाच बोल्टांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असतो. हे माप ‘५ × १००’ असे लिहितात. त्याच घराण्यातील ऑक्टेव्हिया मोटारीचे माप मात्र ‘५ × ११२’ आहे. पाच बोल्टांच्या चाकात समोरासमोर बोल्ट नसतात, त्यामुळे वर्तुळाचा व्यास सरळ मोजता येत नाही. अशा वेळी त्रिकोणमिती उपयोगी पडते. शेजारच्या दोन बोल्टांच्या केंद्रांतील अंतर मोजून त्यास ३६ अंशांच्या ज्येने, म्हणजे ०.५८८ ने, भागले की व्यास मिळतो. हे अंतर ५८.८ मिलिमीटर आले तर वर्तुळ १०० चे, ६५.८ आले तर ११२ चे. ज्यांच्या मापांत मोठा फरक आहे अशी चाके बसतच नाहीत, म्हणून त्यांत धोका कमी. खरा धोका ९८ व १०० यांसारख्या जवळच्या मापांत आहे. कारण तेथे बोल्ट तिरपा होऊन जबरीने आत जातो आणि काम झाले असा भास होतो.

दुसरे माप मधल्या भोकाचे. या मोटारींच्या हबवर ५७.१ मिलिमीटर व्यासाची एक वाटोळी कड पुढे आलेली असते. चाकाचे मधले भोक या कडेवर घट्ट बसले म्हणजे चाक आपोआप केंद्रस्थ होते. बाजारातील चाके अनेक मोटारींना चालावीत म्हणून त्यांचे भोक मोठे ठेवतात. ती उरलेली फट भरण्यासाठी केंद्रकडी वापरावी लागते. ही कडी नसेल तर काय होते ते गणिताने पाहता येईल. टायरसह २० किलोग्रॅम वजनाचे चाक केंद्रापासून केवळ अर्धा मिलिमीटर सरकून बसले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ फेरे घेताना, ते हबला सुमारे ७७ न्यूटन बलाने, जवळजवळ ८ किलो वजनाइतक्या ओढीने, प्रत्येक फेऱ्यात चोहोकडे ओढत राहते. सुकाणूचक्रास येणारा थरथराट पुष्कळदा याच अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

तिसरे माप ‘ऑफसेट’चे. रिमच्या रुंदीचा मध्य जेथे येतो, त्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बैठक किती अंतरावर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. बैठक मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगास असेल तर तो धन समजतात. ‘ईटी ४०’ असे चाकावर कोरलेले असेल तर बैठक मध्यरेषेच्या ४० मिलिमीटर बाहेर आहे असे जाणावे. ऑफसेट जितका कमी, तितके चाक मोटारीच्या बाहेर येते.

एक उदाहरण घेऊ या. मूळ रिम ६.५ इंच रुंद व ईटी ४३ चे आहे, नवे ७.५ इंच रुंद व ईटी ३८ चे आहे. एक इंच रुंदी वाढली म्हणजे मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूस १२.७ मिलिमीटर वाढले. शिवाय ऑफसेट ५ ने घटल्यामुळे सारे चाक ५ मिलिमीटर बाहेर सरकले. म्हणून बाहेरची कड १२.७ + ५ = १७.७ मिलिमीटर बाहेर आली, आणि आतली कड १२.७ – ५ = ७.७ मिलिमीटर आत गेली. बाहेर मडगार्ड व आत सस्पेन्शनचा दांडा यांपासून तेवढी जागा आहे काय, हे चाक विकत घेण्यापूर्वीच पट्टीने मोजता येते. मोजमाप मोटार उभी असताना करून भागत नाही. खड्ड्यात स्प्रिंग दबल्यावर आणि सुकाणू दोन्ही टोकांना पूर्ण वळवल्यावरही टायर कोठे घासत नाही, याची खात्री करावी लागते.

टायरचा व्यास व वेगमापक

व्हर्टसच्या १६ इंची टायरवर ‘२०५/५५ आर १६’ असे लिहिलेले असते. २०५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के. आणि १६ हा रिमचा व्यास इंचांत. यावरून टायरचा एकूण व्यास काढता येतो. भिंतीची उंची ११२.७५ मिलिमीटर, दोन्ही बाजू मिळून २२५.५, रिमचा व्यास ४०६.४, एकूण ६३१.९ मिलिमीटर. रिम मोठी केली तर भिंत त्या मानाने आखूड करावी, म्हणजे एकूण व्यास तोच राहील, हे या गणिताचे सूत्र आहे.

निरनिराळी मापे पुढीलप्रमाणे येतात :

२०५/५५ आर १६ : व्यास ६३१.९, भिंत ११२.७५ मिलिमीटर (मूळ).
२०५/५० आर १७ : व्यास ६३६.८; भिंत १०२.५, फरक अधिक ०.८ टक्के.
२१५/५० आर १७ : व्यास ६४६.८, भिंत १०७.५, फरक अधिक २.४ टक्के.
२२५/४० आर १८ : व्यास ६३७.२, भिंत ९०, फरक अधिक ०.८ टक्के.

वेगमापक चाकाच्या फेऱ्यांवरून वेग सांगतो. व्यास २.४ टक्क्यांनी वाढला तर फेरे तितकेच राहूनही मोटार अधिक अंतर कापते. म्हणजेच जो काटा पूर्वी खरा वेग दाखवीत असेल, तो आता खऱ्याहून कमी वेग दाखवील. म्हणून व्यासातील फरक जितका कमी तितका बरा.

या कोष्टकात दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. १८ इंची चाकाच्या टायरची भिंत मूळच्या मानाने जवळजवळ २३ मिलिमीटर आखूड आहे. टायरमधील हवेची ही गादीच खड्ड्याचा पहिला धक्का झेलते. नव्या रायपूरच्या रुंद, सपाट रस्त्यांवर तिची उणीव भासणार नाही. परंतु जगदलपूरच्या वाटेवरील केशकाल घाटात, अवजड वाहनांनी व पावसाने खणलेल्या खड्ड्यांत, टायर पूर्ण चेपून रिमची कड दगडावर आदळण्याची शक्यता वाढते. पोलादी रिम अशा वेळी वाकते. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची रिम तडकू शकते, आणि ती तड कधी कधी डोळ्यांस दिसतही नाही.

टायरवरील भारांकाकडेही दुर्लक्ष करू नये. ‘९१’ हा अंक एक टायर ६१५ किलोग्रॅम भार सोसू शकतो असे सांगतो. ‘८७’ हा केवळ ५४५ किलोग्रॅम. नव्या टायरचा भारांक मूळ टायरहून कमी असता कामा नये.

स्पेसर-चकती काय करते

चकतीचे भूमितीय कार्य अत्यंत सोपे आहे. दहा मिलिमीटर जाडीची चकती घातली की चाक दहा मिलिमीटर बाहेर येते. अर्थात ऑफसेट तितकाच घटतो. रुंद रिमची आतली कड सस्पेन्शनला घासत असेल, किंवा मोठ्या ब्रेकला आरे अडत असतील, तर चकती हा योग्य उपाय ठरू शकतो. पोर्शेसारख्या निर्मात्यानेही आपल्या काही मोटारींसाठी चकत्या पुरवलेल्या आहेत. म्हणून चकती ही वस्तू मुळातच वाईट, असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. प्रश्न ती कशासाठी, किती जाडीची व कशी बसवली आहे, हा आहे.

चकतीचा पहिला परिणाम बेअरिंगवर होतो. हबच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात, आणि चाकावरचा भार या दोन ओळींच्या साधारण मधोमध पडावा अशी मूळ योजना असते. दोन माणसे खांद्यावर काठी घेऊन मध्ये बांधलेले ओझे नेत असता दोघांवर सारखाच भार पडतो. ओझे एकाच्या दिशेने सरकले की त्याचे खांदे भरून येतात. येथेही तसेच घडते. समजा, दोन ओळींच्या परिणामी आधारबिंदूंमधील अंतर ६० मिलिमीटर आहे आणि भार बरोबर मध्यावर आहे. वीस मिलिमीटरची चकती घातल्यावर बाहेरच्या ओळीवर (३० + २०) ÷ ६०, म्हणजे सुमारे ८३ टक्के भार येईल व आतल्या ओळीवर १७ टक्के उरेल.

गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम लुंडबर्ग व पाल्मग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ साली मांडला. बाहेरच्या ओळीवरील भार ५० वरून ८३ टक्के झाला म्हणजे तो १.६७ पट झाला. त्याचा घन सुमारे ४.६. याचा अर्थ, केवळ सरळ धावण्याचा विचार केला तर त्या ओळीचे आयुष्य एकपंचमांशाच्या जवळ येते. वळणावर बाजूची बले येतात व ती दोन ओळींवरील भार पुनःपुन्हा बदलतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा हिशेब इतका सरळ राहत नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे : थोडेसे अंतर वाढले तर आयुष्य थोडेसे कमी होत नाही, ते पुष्कळच कमी होते. पाच मिलिमीटर आणि पंचवीस मिलिमीटर यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रयोग. विद्यार्थ्यांनी ६० सेंटिमीटर लांबीची एक हलकी काठी घेऊन तिची दोन्ही टोके दोन स्प्रिंगकाट्यांना टांगावी. मध्यभागी एक किलोग्रॅमचे वजन अडकवावे. दोन्ही काटे सारखेच, सुमारे ५०० ग्रॅम दाखवतील. वजन मध्यापासून २० सेंटिमीटर सरकवल्यास एक काटा सुमारे ८३३ व दुसरा १६७ ग्रॅम दाखवील. वजन काठीच्या टोकापलीकडे नेता आले तर दुसरा काटा उलट ओढला जाईल. बेअरिंगच्या दोन ओळींमध्ये घडते ते हेच.

बोल्ट खरोखर काय धरतात?

मोटारीचा भार बोल्टांच्या दांड्यांवर टेकलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. बोल्ट आवळला म्हणजे तो रबराप्रमाणे किंचित ताणला जातो आणि आखडण्याच्या प्रयत्नात चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे चाक व हब यांच्या पृष्ठांमध्ये जे घर्षण उत्पन्न होते, तेच भार वाहते.

हा दाब केवढा असतो? व्हर्टसचे बोल्ट १४ मिलिमीटर व्यासाचे असून त्यांच्या आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर असते. या घराण्यातील मोटारींचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळतात. टॉर्कला व्यासाच्या एकपंचमांशाने भागले म्हणजे बोल्टातील ताण अदमासे मिळतो. १२० ÷ (०.२ × ०.०१४) म्हणजे सुमारे ४३,००० न्यूटन. एक बोल्ट चार टनांहून अधिक बलाने चाक दाबतो. पाच मिळून सुमारे २२ टन. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तरी घर्षण तीन टनांहून अधिक येते, आणि एका चाकावर मोटारीचा भार असतो सुमारे चारशे किलोग्रॅम. सुरक्षिततेचा एवढा मोठा पल्ला मुद्दामच ठेवलेला असतो.

परंतु हा पल्ला दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली, हबमध्ये बोल्टाचे पुरेसे आटे शिरलेले असणे. दुसरी, दाबली जाणारी पृष्ठे स्वच्छ व सपाट असणे.

चकतीचा सर्वांत घातक धोका पहिल्या गोष्टीत आहे. मूळ बोल्टाचा १२ मिलिमीटर भाग हबमध्ये शिरत असेल, तर तो आठ फेऱ्यांनी आवळला जातो. त्याच बोल्टाने पाच मिलिमीटरची चकती बसवली तर हबमध्ये केवळ ७ मिलिमीटर, म्हणजे पाचांहूनही कमी फेरे उरतात. बाहेरून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही. पाना ‘टक’ असा आवाज करतो, बोल्ट घट्ट लागतो, मोटार चालूही लागते. परंतु सारा ताण चार-पाच आट्यांवर येऊन ते हळूहळू सोलले जातात. १४ × १.५ मापाच्या बोल्टासाठी निदान साडेसात पूर्ण फेरे हवेत, असा दंडक चकत्या बनवणारे नामांकित कारखाने पाळतात. म्हणून चकती जितकी जाड, बोल्ट तितकाच अधिक लांब हवा. उलटपक्षी, बोल्ट गरजेपेक्षा लांब झाला तर त्याचे टोक हबच्या मागे निघून आतल्या भागांस घासते. म्हणजे ‘लांब बोल्ट नेहमी चांगला’ हेही खरे नव्हे.

बोल्टाच्या डोक्याखालचा आकारही पाहावा लागतो. या घराण्याच्या मूळ चाकांत बोल्टाची बैठक गोलाकार असते. बाजारातील बहुतेक चाकांत ती ६० अंशांच्या शंकूची असते. गोल बैठकीचा बोल्ट शंकूच्या भोकात बसवला तर दोहोंचा स्पर्श केवळ एका बारीक कंगोऱ्यावर होतो. मऊ अ‍ॅल्युमिनियम तेथे दबते, ताण उतरतो आणि बोल्ट आपोआप सैल होऊ लागतो.

बोल्ट सैल होताच त्यांच्यावर वाकवण्याचा भार येऊ लागतो, आणि तो प्रत्येक फेऱ्यात उलटसुलट होतो. नागपूर ते रायपूर या एका प्रवासात चाकाचे सुमारे दीड लाख फेरे होतात. एका आघाताने न मोडणारे पोलाद लाखो लहान आघातांनी मोडते, हे सत्य रेल्वेच्या आसांनी जगास शिकवले. १८४२ साली व्हर्सायजवळ इंजिनाचा आस मोडून झालेल्या भीषण अपघातानंतर अभियंत्यांचे लक्ष इकडे वळले. आणि १८५८ ते १८७० या काळात ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे-अभियंत्याने पद्धतशीर प्रयोग करून धातूच्या ‘थकव्या’चे नियम प्रसिद्ध केले. पूर्ण ताणात असलेला बोल्ट या उलटसुलट भारापासून जवळजवळ अलिप्त राहतो. सैल बोल्ट थकून तुटतो. घट्टपणा हेच त्याचे चिलखत आहे.

सुकाणूचा अक्ष व ब्रेक

पुढचे चाक वळते ते एका तिरप्या अक्षाभोवती. हा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीस एका बिंदूत मिळतो. टायर जमिनीला जेथे टेकतो त्याचा मध्य या बिंदूच्या बाहेर असेल तर त्या अंतरास धन, व आत असेल तर ऋण समजतात. १९७२ च्या आउडी ८० या मोटारीत हे अंतर मुद्दाम ऋण ठेवण्यात आले, आणि पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या अनेक मोटारींत ही योजना रूढ झाली.

तिचा लाभ आपल्याकडील रस्त्यांवर विशेष कळतो. समोरून मालमोटार आली म्हणून चालकाने डावी चाके मुरमाच्या साईडपट्टीवर उतरवली आणि तेथेच ब्रेक दाबावा लागला, असे समजू. उजवी चाके डांबरावर असल्याने अधिक पकड घेतात. डावी मुरमावर घसरतात. परिणामी मोटारीचे तोंड उजवीकडे, म्हणजे नेमके मालमोटारीकडे, वळू पाहते. अंतर ऋण असेल तर उजव्या चाकावरील अधिक ब्रेकबल चाकांना किंचित डावीकडे वळवते व मोटार आपली चूक आपणच सावरते. अंतर धन असेल तर तेच बल चाकांना उजवीकडे वळवते.

चकती हे अंतर थेट बदलते. मूळ अंतर ऋण ५ मिलिमीटर असून १५ मिलिमीटरची चकती घातली, तर ते धन १० मिलिमीटर होते. जी योजना चालकास साहाय्य करीत होती, तीच आता त्याच्या विरुद्ध जाते. नेहमीच्या वाहतुकीत हा फरक जाणवणार नाही. जाणवेल तो संकटाच्या त्या एका क्षणी.

वजनाचा प्रश्न

चाक, टायर, हब व ब्रेक यांचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. हे वजन वाढले तर खड्ड्यात गेलेले चाक चटकन वर येऊ शकत नाही व टायरचा जमिनीशी संबंध क्षणभर सुटतो. शिवाय चाक पुढे जाते तसेच ते फिरतेही. जे वस्तुमान टायरच्या परिघाजवळ आहे, त्यास गती देण्यास जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. निम्म्या त्रिज्येवर असलेल्या वस्तुमानास सव्वापट. मोठ्या रिमचे वजन नेमके बाहेरच्या अंगास असते. म्हणून वेगवान दिसण्यासाठी बसवलेल्या जड चाकांमुळे मोटार प्रत्यक्षात मंदावते, असा विरोधाभास पुष्कळदा दिसून येतो.

मानके व कायदा

अ‍ॅलॉय चाकांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. १६१९२ हे मानक आहे, तत्पूर्वी ए. आय. एस. ०७३ हे मोटार-उद्योगाचे मानक तयार झाले होते. चाक सतत वाकवून फिरवणे, भाराखाली दीर्घकाळ पळवणे आणि त्याच्या कडेवर ठरावीक वजन पाडणे, अशा तीन प्रकारच्या कसोट्या चाकास द्याव्या लागतात. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांच्या अशा चाचण्यांसाठी प्रसिद्ध आहे. नामांकित चाकांच्या नकला केवळ रूपाने सारख्या असतात. कसोटीचा इतिहास त्यांच्यामागे नसतो. जर्मनीत अशा बदलासाठी तज्ज्ञांचे प्रमाणपत्र असावे लागते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा फेरबदल मालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ कायम केला. म्हणून निर्मात्याने त्याच मोटारीसाठी मान्य केलेल्या मापांच्या मर्यादेत राहणे, आणि कोणताही बदल विमा कंपनीस लेखी कळवणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

बसवण्याची रीत

१. चाकाची सर्व मापे — बोल्टांचे वर्तुळ, मधले भोक, रुंदी, ऑफसेट व भारक्षमता — खरेदीपूर्वी कागदावर मांडावी.

२. मोटार सपाट, टणक जमिनीवर उभी करून जॅकखेरीज दुसरा भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही मोटारीखाली जाऊ नये.

३. हबची बैठक तारेच्या ब्रशाने गंज निघेपर्यंत स्वच्छ करावी. गंजाचा किंवा रंगाचा थर पुढे दबतो आणि बोल्टांतील ताण उतरतो.

४. चकती घ्यावयाचीच असेल तर ती हबच्या कडेवर घट्ट बसणारी आणि स्वतःची तशीच कड असलेली असावी. अगदी पातळ चकती हबची कड गिळून टाकते व चाक केंद्रस्थ राहत नाही. एकावर एक दोन चकत्या कधीही घालू नयेत.

५. प्रत्येक बोल्ट हाताने फिरवून फेरे मोजावे. साडेसात फेऱ्यांपूर्वी बोल्ट टेकला तर तो बोल्ट नाकारावा.

६. निर्मात्याने सांगितल्याखेरीज आट्यांना तेल वा ग्रीस लावू नये. टॉर्कचा सुमारे नऊदशांश भाग घर्षणातच खर्च होतो. ते घर्षण घटले तर त्याच टॉर्कने बोल्ट नको इतका ताणला जातो.

७. बोल्ट एकाआड एक, ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे, दोन-तीन टप्प्यांत आवळावे. शेवटचा टप्पा टॉर्क-पान्यानेच पुरा करावा. हवेवर चालणारी बंदूक वेळ वाचवते, परंतु किती ताण आला ते सांगत नाही.

८. पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यावर, चाके थंड असताना, सर्व बोल्ट पुन्हा तपासावे.

९. स्टेपनी जुन्या मापाचीच असेल तर तिच्यासाठी मूळचे आखूड बोल्ट डिकीत ठेवावे. चकतीसाठी घेतलेले लांब बोल्ट चकतीवाचून वापरल्यास ते मागे आरपार निघतात. रात्रीच्या वेळी महामार्गावर टायर बदलणाऱ्या पंक्चरवाल्यास ही गोष्ट कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

सारांश

चाकाची बैठक ही मोटारीतील सर्वांत साधी दिसणारी व सर्वांत अधिक विश्वासाची जागा आहे. मोठी चाके किंवा चकत्या यांचा सरसकट निषेध करण्याचे कारण नाही. मापे जुळत असतील, व्यास कायम राहत असेल, बोल्ट योग्य लांबीचे व योग्य बैठकीचे असतील, तर हा बदल निर्धोक करता येतो. परंतु केवळ शोभेसाठी जाड चकती घालणाऱ्याने बेअरिंगचे आयुष्य, सुकाणूचे संतुलन व बोल्टांची पकड यांतून ती शोभा विकत घेतलेली असते. ज्यास हा हिशेब मांडता येतो, तो दुकानदारास योग्य प्रश्न विचारू शकतो. आणि त्या प्रश्नांचे उत्तर न मिळाल्यास मूळ चाके होती तशीच ठेवण्याचे धैर्यही दाखवू शकतो.

अभ्यासाचे प्रश्न

१. पाच बोल्टांच्या एका चाकात शेजारच्या दोन बोल्टांतील अंतर ६७.२ मिलिमीटर आहे. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास काढा.

२. ‘२१५/४५ आर १७’ या टायरचा व्यास काढा. मूळ ६३१.९ मिलिमीटरशी त्याची तुलना करून वेगमापकावर काय परिणाम होईल ते सांगा.

३. मूळ चाक ६ इंच रुंद, ईटी ४० चे आहे. नवे चाक ७ इंच रुंद, ईटी ४५ चे असून त्यासोबत १० मिलिमीटरची चकती घातली आहे. बाहेरची व आतली कड किती सरकेल?

४. बोल्टांनी नव्हे तर घर्षणाने चाकाचा भार धरला जातो, हे आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

५. डावी चाके मुरमावर असताना ब्रेक लावल्यास मोटार कोणत्या बाजूस वळू पाहते व का, ते आकृती काढून दाखवा.